घरचें अंथरूण आणि वाटेचें अंथरूण

राजांच्या सिंहासनांचीं वर्णनें इतिहासाच्या ग्रंथांत हवीं तितकीं सांपडतात. परंतु ज्या माणसांनीं तीं सिंहासनें उभारलीं किंवा उलथून टाकलीं, तीं माणसें रात्रीं कशावर निजत आणि काय पांघरीत, याची नोंद बखरकारांनीं क्वचितच केली आहे. विषय क्षुल्लक आहे असें कोणी म्हणेल. पण मार्गशीर्षांतली एक रात्र उघड्या माळावर अपुऱ्या पांघरुणानिशीं ज्यानें काढली असेल, तो तसें म्हणणार नाहीं. मनुष्य दिवसा थकतो आणि रात्रीं सांवरतो. ज्याची रात्र वायां गेली त्याचा दुसरा दिवस अर्धा बुडालाच म्हणून समजावें. हा नियम यात्रेकरूस लागू आहे, मेंढपाळास लागू आहे, आणि सैन्यासही लागू आहे.

अलीकडे सुशिक्षित कुटुंबांतील मुलामुलींना गड-डोंगर चढण्याचा छंद लागला आहे. शिवाय भूकंप, महापूर यांच्या अनुभवामुळें प्रत्येक घरांत आणीबाणीच्या प्रसंगासाठीं एक गांठोडें बांधून तयार ठेवावें, असा उपदेशही वारंवार कानीं येतो. त्या गांठोड्यांत निजण्याचें साहित्य कोणतें असावें असा प्रश्न निघाला म्हणजे घरांतील तरुण मंडळी परदेशी तऱ्हेच्या स्लीपिंग बॅगांच्या किंमती सांगूं लागतात. त्या वस्तूंची निंदा करण्याचा आमचा हेतु नाहीं. त्यांचे गुण पुढें सांगूंच. परंतु या प्रश्नाचा विचार आपल्या देशांत पूर्वीं कोणी केलाच नव्हता, अशा समजुतीनें जी चर्चा चालते ती आम्हांस अपुरी वाटते. हा विचार महाराष्ट्रांत शेंकडों वर्षें झालेला आहे. तो ग्रंथांत झाला नाहीं, माळावर झाला. आणि तो करणारांपैकीं बहुतेकांस अक्षरओळख नव्हती, म्हणून तो आपल्यापर्यंत पोंचला नाहीं, एवढेंच.

उघड्यावर निजणाऱ्यास तीन शत्रु असतात. पहिला शत्रु खालची जमीन. अंगाची ऊब वाऱ्यानें जाते हें सर्वांस ठाऊक असतें. परंतु पाठीखालची थंड भुई ती किती मुकाट्यानें ओढून घेते, याची कल्पना पुष्कळांस नसते. वर दोन पांघरुणें आणि खालीं कांहींच नाहीं, अशा स्थितींत निजणारा पहांटे कुडकुडत उठतो, याचें कारण हेंच. दुसरा शत्रु निरभ्र आकाश. ढग नसलेल्या रात्रीं जमिनीची आणि तीवर उघड्या पडलेल्या प्रत्येक वस्तूची उष्णता वर निघून जाते. म्हणून मराठवाड्यांतल्या ज्या माळावर दुपारीं ऊन सोसवत नाहीं, त्याच माळावर हिंवाळ्यांत पहांटे दांतावर दांत वाजतात. तिसरा शत्रु ओल. मग ती दंवाची असो, पावसाची असो, कीं स्वतःच्याच घामाची असो. या तिघांशीं लढणारें अंथरूण मिळविणें फारसें कठीण नाहीं. पण तें खांद्यावर टाकून दुसऱ्या दिवशीं दहा कोस चालतां आलें पाहिजे, ही अट घातली कीं बहुतेक अंथरुणें बाद होतात.

ही अट ज्यांनीं जन्मभर पाळली अशा लोकांचा मेळा पाहावयाचा असेल, तर नांदेडहून लातूरकडे जाणाऱ्या रस्त्यानें लोह्यास जावें. लोहा हें तालुक्याचें गांव बालाघाटाच्या पठारी मुलुखांत असून कंधारचा प्रसिद्ध भुईकोट किल्ला तेथून जवळच आहे. याच तालुक्यांतील माळेगांव येथें मार्गशीर्षाच्या अखेरीस, म्हणजे ऐन थंडींत, खंडोबाची यात्रा भरते. घोडे, गाढवें, उंट यांच्या खरेदी-विक्रीसाठीं ती दूरदूरपर्यंत ठाऊक आहे. देवस्वारी निघते, भंडारा उधळला जातो, आणि माळावर पालांचें एक गांवच वसतें. धनगर, वैदू, घिसाडी आदि फिरत्या जमाती येथें पिढ्यानपिढ्या एकत्र येत आल्या, आणि त्यांच्या जातपंचायतीही याच यात्रेंत भरत. विंचवाचें बिऱ्हाड पाठीवर ही म्हण आपण घरांत बसून वापरतों; ती ज्यांच्यासाठीं शब्दशः खरी आहे, त्यांच्या बिऱ्हाडांत कोणती वस्तु असते आणि कोणती नसते, हें येथें डोळ्यांनीं दिसतें. पेटी नसते, गादी नसते, उशीही बहुधा नसते. परंतु घोंगडी असते.

घोंगडी ही दख्खनी मेंढीची देणगी होय. या मेंढीचा रंग बहुधा काळा आणि लोंकर राठ. वर्षांतून दोन वेळां मेंढ्या कातरतात. लोंकर पिंजून बायका सूत कांततात. आणि सणगर लोक तें मागावर विणतात. ताण्याला चिंचोक्यांची खळ देण्याची रीत आहे. तिनें राठ सूत एकत्र बसतें आणि वीण घट्ट येते. रंग द्यावा लागत नाहीं. मेंढीचा रंग तोच घोंगडीचा रंग. कानडी मुलुखांत हिलाच कांबळी म्हणतात आणि तेलंगणांत गोंगडी म्हणतात. नांदेड जिल्हा या दोन्ही भाषांच्या सीमेवर असल्यामुळें एकाच बाजारांत एका वस्तूचीं हीं तीन नांवें ऐकूं येतात. मेंढी ज्या वाटेनें फिरली त्या वाटेनें शब्दही फिरले.

मऊपणाच्या परीक्षेंत घोंगडी सपशेल नापास होईल. ती टोंचते, आणि नवी असतांना तिला मेंढीचा उग्र वास येतो. पण वर सांगितलेल्या तीन शत्रूंपुढें तिला उभी करून पाहावें. राठ लोंकरीचे तंतु कुरळे व ताठ असल्यामुळें अंगाच्या भारानें ते पुरते दबत नाहींत. त्यांच्यामध्यें हवा अडकून राहते, आणि ऊब राखण्याचें काम ती अडकलेली हवा करते. म्हणून घोंगडी खालीं घातली तरी उपयोगी पडते. शिवाय लोंकर आपल्या वजनाच्या सुमारें तिसऱ्या हिश्शाइतकी ओल पोटांत घेऊनही हाताला ओली लागत नाहीं. दंवानें भिजलेली सुती चादर अंगाला चिकटते व उलट थंडी देऊं लागते. तितक्याच दंवांत घोंगडी आपलें काम करीत राहते. पाऊस आला तर मेंढपाळ घोंगडीचा एक कोपरा दुसऱ्यांत खुपसून तिची खोळ करतो आणि डोक्यावरून घेतो. सरींचें पाणी पुष्कळ वेळ केंसांच्या टोंकांवरून ओघळून जातें. तीच घोंगडी दिवसा बसावयास आसन, ऊन लागलें तर काठीवर ताणून सावली, आणि नवजात कोंकरूं उचलून आणावयाचें असल्यास त्याचें पांघरूण. एका वस्तूंत पांच वस्तू सामावलेल्या असणें, हेंच वाटेच्या अंथरुणाचें मुख्य लक्षण होय.

तिचे दोषही लपवूं नयेत. एकदां पुरती भिजली म्हणजे ती अतोनात जड होते आणि लौकर वाळत नाहीं. न सुटणाऱ्या कामास आपण भिजत घोंगडें म्हणतों, तें या अनुभवावरूनच. मराठी भाषेनें हा दोष आपल्या रोजच्या बोलण्यांत गोंवून ठेवला आहे. ज्या वस्तूचा गुण संतांना रूपकासाठीं आवडला आणि जिचा दोष लोकांनीं वाक्प्रचारांत घातला, ती वस्तु त्या समाजाच्या किती अंगवळणीं पडलेली असली पाहिजे!

आतां घराकडे वळूं. मराठवाड्याची काळी जमीन कापसाची. तेव्हां गांवांत राहणाऱ्या कुणब्याचें अंथरूण साहजिकच सुती झालें. जुनीं लुगडीं व धोतरें एकावर एक घालून, दुपारच्या निवांत वेळीं धांवदोरा घालीत बायकांनीं शिवलेली गोधडी किंवा वाकळ हें त्याचें मुख्य रूप. आजीच्या लुगड्याचा कांठ आणि नातवाच्या अंगड्याचा तुकडा जींत शेजारीं शेजारीं बसतात, त्या वस्तूविषयीं ममता वाटावी यांत नवल नाहीं. कोरड्या जागीं, छपराखालीं, गोधडीसारखें अंथरूण नाहीं. सुती वस्त्राचें मराठवाड्यांतील आणखी एक रूप म्हणजे पासोडी. अंबाजोगाईचे दासोपंत (१५५१–१६१५) यांनीं तर आपलें पंचीकरण एका लांबच लांब पासोडीवर लिहून काढलें, आणि ती पासोडी आजही अंबाजोगाईस जपून ठेवलेली आहे. पांघरावयाच्या वस्त्राला पोथीची प्रतिष्ठा मिळाल्याचें असें उदाहरण दुसरें आम्हांस आठवत नाहीं.

तथापि ममता आणि प्रतिष्ठा या गोष्टी घराच्या आहेत. गोधडी पावसांत सांपडली कीं ती पाणी पिते, दगडासारखी जड होते, आणि उन्हांत दोन दोन दिवस ठेवल्याशिवाय सुकत नाहीं. ओली असतांना तिच्यांत ऊब म्हणून उरत नाहीं. म्हणून ज्या कुणब्याच्या घरीं निजावयास गोधडी असे, तोच कुणबी शेतावर राखणीस जातांना किंवा वारीस निघतांना खांद्यावर घोंगडी टाकीत असे. घरचें अंथरूण आणि वाटेचें अंथरूण यांचे धर्म निराळे आहेत, हा भेद त्यास कोणी शिकविलेला नव्हता. आमचा आजचा सिद्धांत एवढाच कीं हा भेद ज्यांनीं ओळखला ते वाटेवर तगले, आणि ज्यांनीं घरच वाटेवर नेण्याचा हट्ट धरला त्यांना तो भारी पडला. इतिहासांत याचे दाखले आहेत.

अकबराच्या छावणीचें वर्णन अबुल फजलानें आईन-ए-अकबरींत केलें आहे. बादशाही मुक्कामाचें साहित्य हलविण्यास १०० हत्ती, ५०० उंट, ४०० गाडे आणि १०० हमाल लागत, असें तो सांगतो. आणि तें सांगतांना त्यास अभिमान वाटतो. पुढें औरंगजेब दक्षिणेंत उतरला तेव्हां ही चालती राजधानी त्याच्याबरोबर आली. १६९५ मध्यें जेमेल्ली करेरी नांवाच्या इटालियन प्रवाशानें गलगलें येथें ही छावणी पाहिली. तिचा घेर तीस मैलांचा असल्याचें त्यानें लिहिलें आहे. तंबू, गालिचे, पलंग, पडदे, बाजार, जनाना असें दिल्लीचें सगळें सुख या घेरांत होतें. चपळाई मात्र नव्हती. १७०० च्या ऑक्टोबरांत सांगोल्याकडील माण नदीच्या कांठीं खवासपूर येथें या छावणीवर मध्यरात्रीं अकस्मात् महापूर आला. नदीच्या पात्रांत व कांठांवर पसरलेले तंबू, जनावरें, माणसें वाहून गेलीं. मराठे चालून आले असें वाटून खुद्द बादशहा गडबडीनें उठला, अडखळून पडला, त्याचा गुडघा निखळला, आणि तो उरलेल्या आयुष्यांत लंगडतच चालला. सबंध हिंदुस्थानाचा धनी. परंतु अंधारांत पाणी आलें तेव्हां हत्ती, उंट आणि गाडे यांपैकीं कांहींच त्याच्या कामीं आलें नाहीं.

याच्या उलट मराठ्यांची प्रारंभींची रीत होती. शिवछत्रपतींच्या लष्करी नियमांची जी हकीकत सभासदानें दिली आहे, तींत पावसाळ्यांत सैन्यानें छावणीस परतावें, दसऱ्यास मोहिमेवर निघावें, आणि लष्करांत बायका, बटकी, कलावंतिणी नसाव्यात, असा कटाक्ष आहे. पावसाळ्यांत बाहेर राहावयाचें नाहीं हें एकदां ठरलें कीं निजण्याच्या साहित्याचा अर्धा भार आपोआप उतरतो, ही गोष्ट लक्षांत घेण्यासारखी आहे. एल्फिन्स्टनसारख्या इंग्रज इतिहासकारांनीं मराठी स्वाराचें जें चित्र काढलें आहे, त्यांत तो भुईवर निजतो, भाला उशाशीं रोंवलेला असतो, आणि घोड्याचा लगाम हाताशीं असतो. अशा स्वाराचें अंथरूण झटकून घोड्यावर टाकावयास किती वेळ लागणार? ज्याला बांधाबांध करावी लागत नाहीं त्याला गांठणें कठीण, आणि त्यानें गांठलें तर निसटणें कठीण.

दुर्दैवानें ही रीत टिकली नाहीं. आणि ती कशी लोपली हें दाखविणारी घटना लोह्याच्या शेजारच्या मुलुखांतच सुरू होते. ३ फेब्रुवारी १७६० रोजीं उदगीरच्या रणांगणांत सदाशिवरावभाऊंनीं निजामाचा पराभव केला. उदगीर आज लातूर जिल्ह्यांत आहे. या विजयाच्या हर्षांतच उत्तरेंत दत्ताजी शिंदे पडल्याची बातमी येऊन थडकली, आणि मार्च महिन्यांत भाऊंची फौज परतुराहून उत्तरेकडे निघाली. या फौजेचें वर्णन ग्रँट डफनें केलें आहे. रेशमी व बनाती अस्तरांचे उंच, प्रशस्त डेरे, त्यांवर सोनेरी कळस, हत्ती, भरजरी झुली, असा तो थाट होता. मोगलांच्या ज्या डामडौलाला मराठ्यांनीं पंचवीस वर्षें धुळीस मिळविलें, तोच डामडौल अर्ध्या शतकांत मराठ्यांच्या छावणींत येऊन बसला. शिवाय यात्रेकरू, बायकामुलें आणि बाजारबुणगे यांचा मोठा समुदाय बरोबर होता.

नोव्हेंबर १७६० पासून १४ जानेवारी १७६१ पर्यंत ही फौज पानिपतास अडकून पडली. दक्षिणेंतल्या थंडीच्या हिशोबानें निघालेल्या माणसांवर उत्तरेंतील पौषाची थंडी कोसळली. समोर अब्दालीचे अफगाण होते. मेंढीच्या कातड्याचें पोस्तीन पांघरून बर्फांत वावरणाऱ्या मुलुखांत ते वाढलेले. घोंगडी नव्हती म्हणून पानिपत गेलें, असा पोरकट सिद्धांत आम्ही मांडीत नाहीं. रसद तुटली, उपासमार झाली, मित्र मिळाले नाहींत, आणि तोफखाना व घोडदळ यांचा मेळ बसला नाहीं; हीं कारणें इतिहासकारांनीं सविस्तर चर्चिलेलीं आहेत. परंतु उपाशी मनुष्याला थंडी दुप्पट लागते, आणि थंडीनें कुडकुडणाऱ्याला अन्न दुप्पट लागतें, ही देहाची साधी वजाबाकी आहे. रेशमी अस्तराचा डेरा सरदाराचा मान राखतो. शिपायाची पाठ तो राखीत नाहीं. ज्या दिवशीं अंथरूण दिमाखाची वस्तु झालें, त्या दिवशीं तें ज्यास खरोखर हवें होतें त्याच्यापर्यंत पोंचेनासें झालें.

हा धडा एकट्या हिंदुस्थानास मिळाला असें नाहीं. आज जिला स्लीपिंग बॅग म्हणतात, तिचा कारखान्यांत मोठ्या प्रमाणावर निघालेला पहिला प्रसिद्ध नमुना वेल्स देशांतील न्यूटाउनच्या प्राइस प्राइस-जोन्स नांवाच्या लोंकरीच्या व्यापाऱ्यानें १८७६ मध्यें काढला. त्याचें नांव युक्लिसिया रग. तो होता तरी काय? लोंकरीचा एक ब्लँकेट, दुमडून अंगाभोंवतीं बंद होईल असा केलेला, आणि डोक्याशीं फुगवावयाची रबरी उशी. दुसऱ्या शब्दांत सांगावयाचें तर मेंढपाळाची खोळच, फक्त बटणें लावलेली! १८७७ च्या तुर्की युद्धांत रशियाच्या सैन्यानें असल्या ६०,००० खोळी मागविल्या. प्लेव्हना शहर पडलें, मागणी रद्द झाली, आणि हजारों खोळी त्या व्यापाऱ्याच्या माथीं आल्या. तेव्हां त्यानें त्या इतरत्र विकावयास काढल्या, आणि त्यांतून हा प्रकार जगभर पसरला.

दुसरा दाखला अधिक कठोर आहे. १९११ च्या हिंवाळ्यांत दक्षिण ध्रुवाजवळच्या काळोखांत विल्सन, बॉवर्स आणि चेरी-गॅरर्ड हे तिघे इंग्रज पेंग्विन पक्ष्यांचीं अंडीं आणावयास निघाले. थंडी शून्याखालीं साठ अंशांपर्यंत उतरली. त्यांच्याजवळ रेनडियरच्या केंसाळ कातड्याच्या निजण्याच्या पिशव्या होत्या. त्या काळीं याहून उत्तम साहित्य उपलब्ध नव्हतें. परंतु रोज रात्रीं श्वासाची व घामाची वाफ पिशवींत मुरे आणि सकाळीं गोठे. पांच आठवड्यांत त्या पिशव्यांचें वजन दुपटीहून अधिक झालें. त्या लांकडासारख्या ताठ झाल्या, आणि रात्रीं आंत शिरण्यासाठींच तास तास झटावें लागे. ओल बाहेरून येते तशी आंतूनही येते, हा धडा या तिघांनीं जिवावर उदार होऊन जगास शिकविला. आजच्या पक्ष्यांच्या मऊ पिसांच्या पिशव्या वजनास अत्यंत हलक्या आणि कोरड्या थंडींत अप्रतिम उबदार असतात. पण त्या भिजल्या म्हणजे पिसें गोळा होतात, हवा निघून जाते, आणि मागें नुसतें कापड उरतें. कृत्रिम तंतूंच्या पिशव्या त्या मानानें ओल सोसतात. कोणती वस्तु चांगली, हें ती कोठें वापरावयाची आहे त्यावर ठरतें.

येथें कोणी विचारील कीं ज्याला घर आहे, ज्यास गड चढावयाचा नाहीं आणि लढाईवरही जावयाचें नाहीं, त्याला या सगळ्याशीं काय कर्तव्य? या प्रश्नाचें उत्तर मराठवाड्यानें ३० सप्टेंबर १९९३ रोजीं दिलें, आणि फार मोठी किंमत मोजून दिलें. गणेशविसर्जनाची रात्र होती. मिरवणुकांनीं दमलेलीं माणसें उशिरा घरीं येऊन निजलीं होतीं. पहांटे तीन वाजून छप्पन्न मिनिटांनीं लातूर जिल्ह्यांतील किल्लारीच्या परिसरांत भूमि हादरली. धक्का ६.२ प्रतीचा होता. परंतु लातूर आणि उस्मानाबाद (आतांचें धाराशिव) या जिल्ह्यांतील जवळजवळ दहा हजार माणसें त्यांत मृत्युमुखीं पडलीं. कारण घरें. चिखलांत बसविलेल्या ओबडधोबड दगडांच्या जाड भिंती, लांकडी खांब, आणि वर मातीच्या थरांचें जड माळवद. उन्हाळ्यांत गार आणि थंडींत उबदार राहणारें हें घर पिढ्यानपिढ्या मराठवाड्याचा अभिमान होतें. ज्या जाडीनें त्यांनीं ऊन-थंडी अडविली, त्याच जाडीनें त्या पहांटे माणसें गाडलीं. जे बाहेर उघड्यावर निजले होते, ते वांचले.

त्या दिवसापासून पुढें कित्येक महिने दोन जिल्ह्यांतील हजारों कुटुंबें घराबाहेर निजलीं. पहिल्या दिवसांत मदतीच्या कामांत पावसाचा अडथळा होता. धक्के अधूनमधून चालूच होते. आणि ज्यांचीं घरें उभीं राहिलीं होतीं त्यांचाही छपराखालीं पाय ठेवण्याचा धीर होईना. पुढें पत्र्यांच्या तात्पुरत्या वसाहती झाल्या, आणि अखेरीस ५२ गांवें नव्या जागीं बसविण्यांत आलीं. या इमारतींचा इतिहास सरकारी अहवालांतून वाचावयास मिळतो. पण त्या पहिल्या रात्रींचा इतिहास अंथरुणाचा आहे. गाद्या, गोधड्या, कपाटें सगळें ढिगाऱ्याखालीं. आणि वर उघडें, भिजलेलें आकाश. शेतकरी, सावकार, शिक्षक, मजूर, सगळेच एका पहांटेंत भटके झाले. त्यांच्याजवळ शेतें होतीं, सातबारे होते. भटक्याजवळ असते ती एक वस्तु मात्र बहुतेकांजवळ नव्हती.

याचा विचार केला असतां मन थोडें खिन्न होतें. ज्या फिरत्या लोकांजवळ ही विद्या होती, त्यांना स्थिर समाजानें नेहमीं संशयानें वागविलें. १८७१ च्या कायद्यानें इंग्रज सरकारनें तर कित्येक भटक्या जातींना जन्मतःच गुन्हेगार ठरविलें, आणि तो कलंक कायद्यांतून पुसला जावयास १९५२ साल उजाडावें लागलें. घर नसणें हाच ज्यांचा अपराध, त्यांच्याकडून घर नसतांना कसें राहावें हें शिकण्याचें कोणाच्या मनांत येणार? दरम्यान ती विद्याही झिजत चालली आहे. दख्खनी मेंढीच्या राठ लोंकरीला आज भाव नाहीं; कातरणीची मजुरीही निघत नाहीं, म्हणून पुष्कळ ठिकाणीं लोंकर टाकून देतात. चराऊ रानें आटलीं, गिरणीचे स्वस्त ब्लँकेट आणि कृत्रिम धाग्याच्या चादरी गांवोगांवच्या बाजारांत आल्या, आणि सणगराचीं मुलें माग सोडून दुसऱ्या धंद्यांत गेलीं. त्यांस दोष देतां येत नाहीं. पोट कोणास चुकलें आहे? परंतु सणगराचा एक माग बंद पडला म्हणजे एका मालाबरोबर एक अनुभवही बंद पडतो. घोंगडी विकत मिळेनाशी होण्याआधीं ती कां चांगली होती हें ठाऊक असणारा माणूस मिळेनासा होतो.

तेव्हां आणीबाणीच्या गांठोड्यांत काय ठेवावें, या मूळ प्रश्नास आमचें उत्तर असें. प्रथम खालची सोय. गुंडाळतां येण्याजोगी फोमची चटई मिळाल्यास उत्तम. नाहींतर कोरडें तरट किंवा गोणपाट, आणि खेड्यांत असल्यास त्याखालीं कडब्याचा किंवा गवताचा हातभर थर. यावर पैसा फार लागत नाहीं, आणि निम्मी थंडी येथेंच तुटते. दुसरें, दरमाणशीं एक लोंकरीचें पांघरूण. आपल्या हवेंत घोंगडी या कामास पुरून उरते, आणि ती दोघांत एक अशी कधींही ठेवूं नये, कारण आपत्तींत माणसें एकाच जागीं राहतीलच असा नेम नसतो. तिसरें, वरून घालावयास ताडपत्रीचा किंवा मेणकापडाचा तुकडा, म्हणजे घोंगडीचें भिजत घोंगडें होणार नाहीं. हल्लीं चकचकीत पातळ पत्र्यासारखी जी चादर मिळते, ती वारा अडविते आणि अंगाची ऊब परतवून लावते. ती जवळ असावी. पण जमिनीच्या थंडीवर तिचा उपाय चालत नाहीं, आणि आंतून तिला घाम सुटतो, हें ध्यानांत धरावें. ज्यांना हिमालयांत जावयाचें आहे त्यांनीं पिसांची पिशवी खुशाल घ्यावी. आणि सगळ्यांत महत्त्वाचें असें कीं हें गांठोडें माळ्यावर किंवा कपाटांत न ठेवतां दाराशीं ठेवावें. कारण ज्या घटकेस तें लागतें, त्या घटकेस माळ्यावर चढतां येत नाहीं. रेल्वेच्या प्रवासास निघतांना आमच्या वडील पिढीनें वळकटी आवळून दाराशीं ठेवण्याची जी संवय पाळली, ती अगदींच टाकाऊ नव्हती.

अंथरूण पाहून पाय पसरावे, असें वडील मंडळी सांगत आलीं. ती म्हण घरच्या अंथरुणाची आहे. वाटेच्या अंथरुणाची म्हण कोणी केली नाहीं. ती लोंकरींत विणलेली आहे, आणि माळेगांवच्या माळावर मार्गशीर्षाच्या थंडींत अजून वाचतां येते. जोंवर ती वाचतां येते आहे तोंवर आपल्या घरांत एक घोंगडी आणावी, मुलांस ती अंगावर घेऊं द्यावी, आणि ती टोंचते अशी त्यांनीं तक्रार केली तर करूं द्यावी. टोंचणारी वस्तु निदान विसरली तरी जात नाहीं.